समुद्रातली चावी

तिसऱ्यांदाही गाडीने नवी चावी ओळखली नाही. चावीवाल्या इस्माईलभाईंनी चावीतला सेल बदलून पाहिला, मग गाडीला जोडलेल्या मशीनच्या पडद्यावर बोट ठेवलं. “ताई, या गाडीत दोनच चाव्या बसतात आणि दोन्ही जागा भरल्यात. एक चावी तुमच्या हातात. दुसरी कुठंय?”

“हर्णैच्या समुद्रात,” वृंदा म्हणाली आणि तिला हसू आलं.

नव्या गाडीची ती पहिलीच सहल. शेखर चावी खिशात ठेवूनच लाटांत शिरला आणि रिकाम्या खिशाने बाहेर आला. मग दोघं नवराबायको ओल्या कपड्यांनी, एकमेकांवर खापर फोडत, एसटीने चिपळूणला परतले होते. आता शेखरला जाऊन दोन वर्षं झाली होती.

“गाडीच्या मेमरीतून ती चावी पुसली तरच नवी बसेल. पुसू?”

वृंदा हातातली चावी फिरवत राहिली. शेजारी उभ्या असलेल्या लेकीला कालच लायसन्स मिळालं होतं.

“आई, राहू दे. मी तुझीच वापरीन.”

“नको, ऋता. बाबाने पहिल्याच दिवशी तुझ्या हातात चावी दिली असती. पुसा, भाई.”

गाडीचे दिवे लुकलुकले. ऋता स्टिअरिंगसमोर बसली. वृंदा दोन वर्षांनी पहिल्यांदाच शेजारच्या, आपल्या जुन्या जागेवर बसली.