रिव्हर्सचे दिवे

"रिव्हर्स टाकला की पेटतील असे दोन मोठे दिवे ट्रेलरच्या मागे लाव," ड्रायव्हर रंगनाथने वायरमनला सांगितलं.

"मागे बघायला क्लीनर आहे ना?"

"आहे. पण माझी नजर कमी झालीय."

खरं तर रात्रीचं दिसेनासं झालं होतं ते क्लीनरला, यासीनला. एकवीस वर्षं तो अंधारात मागे उभा राहून 'येऊ दे' म्हणत आला होता. परवा गोदामाची भिंत लागेपर्यंत म्हणत राहिला. मालकाला कळलं असतं तर यासीन घरी बसला असता, म्हणून रंगनाथने चूक स्वतःवर घेतली.

त्या रात्री दिवे पेटले. माल उतरवायच्या ओट्यापर्यंत सगळं लख्ख दिसू लागलं. यासीन केबिनपाशी आला. "आता तुला सगळं दिसतंय. मी कशाला उभा राहू?"

"कुणी ओरडल्याशिवाय माझ्याच्याने गाडी मागे जात नाही. सवय झालीय."

यासीन मागे गेला. या वेळी ओटा तीन फुटांवर असतानाच त्याने "थांब" म्हटलं. रंगनाथ थांबला.

"अजून जागा आहे," हमाल म्हणाले.

"मधल्या जागेवर फळी टाका," रंगनाथ म्हणाला.