हौसाबाईंची दाढ

दातात भरायच्या नव्या सिमेंटवर डॉक्टर केतकीचा प्रबंध चालला होता. चाचणीसाठी माणसांचे काढलेले दात हवे होते आणि ते मिळता मिळत नव्हते. तेवढ्यात हौसाबाई गाल धरून कॉलेजच्या दवाखान्यात आल्या. रूट कॅनल केलं तर दाढ वाचेल, हे केतकीला दिसत होतं.

"काढावीच लागेल, मावशी," ती म्हणाली. हौसाबाईंनी मुकाट्याने तोंड उघडलं.

दुसऱ्याच दिवशी तिचे प्रबंधाचे मार्गदर्शक सर सहज म्हणाले, "माणसांचेच दात कशाला शोधतेस? कत्तलखान्यातून म्हशीचे आण. या चाचणीला ते चालतात."

बरणीत ठेवलेली हौसाबाईंची दाढ केतकीला वापरवेना आणि टाकवेनाही.

पुढच्या आठवड्यात हौसाबाई लेकीला घेऊन आल्या. "हिचीही दाढ ठणकतेय. काढायची तर काढा, ताई. तुमचा हात हलका आहे."

केतकीने दाढ तपासली. "नाही, ही काढायची नाही! ही वाचते." तिचा आवाज उगाचच चढला.

हौसाबाईंचा चेहरा उजळला. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बघ, माझ्यापेक्षा तुझं नशीब चांगलं."