क्वीचा देव्हाऱ्यातला फोटो

“यात चेहराच नाही, मावशी,” स्टुडिओवाला लाक म्हणाला.

म्हाताऱ्या न्हाननं मान पुढं काढली. पडद्यावर तिचा मुलगा क्वी होडीच्या टोकावर बसला होता. भर दुपारचं ऊन, त्यात समुद्राची तिरीप. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं पांढरंफटक.

“मग उजेड कमी कर की!”

लाकनं केला. पांढऱ्याचं राखाडी झालं, पण डोळे काही उमटेनात. मग त्यानं काळोखाची बाजू उजळली, तर होडीच्या छपराखालची जाळी, टोपली, टोपलीतली मासळीसुद्धा दिसायला लागली.

“काळोखात बुडालेलं मी वर काढून देतो, मावशी. पण ऊन फार झालं की कॅमेऱ्यातले उजेडाचे कप्पे काठोकाठ भरतात. त्यापुढचं काही नोंदलंच जात नाही. नाही ते आणू कुठून?”

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. थाम पडदा बघत बसली होती. अगदी निवांत म्हणा ना! वादळात क्वीची होडी गेली, ती सा हुइन बंदरात परत आलीच नाही. म्हातारीच्या थोरल्या दिरांनी परवा फर्मान काढलं: पौर्णिमेला पूर्वजांच्या देव्हाऱ्यात पोराचा फोटो लावा, उदबत्ती लावा, नाहीतर त्याचा आत्मा उपाशी भटकेल. म्हातारीच्या लेखी पोर अजून गेलेलंच नव्हतं. पण दिरांपुढं तोंड कोण उघडणार? ही बया मात्र ‘मी आणते करून’ म्हणत लगेच उठली. दुसरं लग्न करायची एवढी घाई? म्हणून तर म्हातारी तिच्या पाठोपाठ आली होती.

आणि आणला तो फोटोही असला! फोनमध्ये नवऱ्याचे ढीगभर फोटो असताना! म्हातारीला आता सगळं कळलं. नवऱ्याचे डोळे घरात नको होते हिला.

लाक चहा सांगायला बाहेर गेला, तसं तिनं थामचं मनगट धरलं.

“हाच बरा सापडला गं तुला? दुधखुळी समजतेस मला?”

थामनं हात सोडवून घेतला नाही. “मुद्दाम शोधला, आई. ज्याचं काहीच करता येणार नाही, असा हा एकच होता.” तिचा आवाज फुटला. “फोटो लागला की उदबत्ती लागणार. मग तो गेलाच ना! काकांना नाही म्हणायची माझी कुठली छाती? म्हणून मीच घेतलं हे काम. तुम्हाला लावायचाय, माहितीय मला. पण मला नाही लावायचा.”

म्हातारीनं तिचं मनगट सोडलं. एका चुलीवर दोघींचं शिजत होतं, आणि मनातलं एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

लाक आत आला. “दुसरा एखादा नाही का, मावशी? फोनमधला असला तरी चालेल. आजच करून देतो.”

थामनं मान खाली घातली.

“नाही रे बाबा,” म्हातारी म्हणाली. “एवढाच आहे.”