दोन्ही टोकांना राखीव

मुख्य लाइनचा दिवा लाल झाला आणि मालकांनी घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन चौक पलीकडे, परीक्षा केंद्रात, नर्सिंगच्या तीनशे मुली कॉम्प्युटरवर पेपर सोडवत होत्या आणि त्यांचं इंटरनेट मालकांच्या कंपनीचं होतं.

कंपनी म्हणजे तरी काय, दोन खोल्या, यंत्रांचं एक कपाट आणि खुद्द मालक. पण एक मिनिटही बंद पडणार नाही, असं त्यांनी केंद्राला लिहून दिलं होतं. बंद पडलं तर काम दुसऱ्याला, असं केंद्राने लिहून घेतलं होतं. बाकीची गिऱ्हाइकं किरकोळ. केंद्र गेलं की कुलूपच लावायचं.

मालक फोनकडे बघत बसले. आता वाजेल, मग वाजेल. फोन वाजला नाही. मग त्यांचं लक्ष कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे गेलं. तिथे एक हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याच्या केबलला मुलीच्या अक्षरातली चिठ्ठी होती: ‘राखीव’. मालकांचा जीव भांड्यात पडला.

यंत्रांचं सगळं मुलगीच बघायची. नदीपलीकडे तिच्या सासऱ्यांची अशीच छोटी कंपनी होती; तिथलंही तीच बघायची. पुलाजवळ तिचं स्वतःचं वर्कशॉप होतं. त्याच्या गच्चीवर ही एवढी मोठी छत्री. ‘टीव्ही बघायला बरा वेळ मिळतो हिला,’ असं मालक बायकोला म्हणायचे.

दीड वर्षापूर्वी ती म्हणाली होती, “बाबा, दुसऱ्या एखाद्या कंपनीची लाइन घेऊन ठेवा. एक तुटली की यंत्रं आपोआप दुसरीवर जातील. मी बसवून देते.”

“बाहेरची कशाला? व्याह्यांची आहे की. घरचं माणूस.” मग मालकांनी आवाज खाली आणला होता. “फक्त त्यांना कळू देऊ नकोस.”

कारण व्याही भेटले की ‘आमची लाइन कधी झोपत नाही’ हे मालकांचं ठरलेलं वाक्य. व्याह्यांचंही तेच. मुलगी ‘बरं’ म्हणाली होती. आठवड्याभरात नदीपलीकडून केबल आली.

एक वाजता केंद्रप्रमुखांचा फोन आला. “पेपर छान पार पडला. एक सेकंद अडलं नाही. पुढच्या वर्षीचं काम तुमच्या घराबाहेर जात नाही, निश्चिंत राहा.”

मालकांनी आनंदाच्या भरात दोनदा आभार मानले. मग त्यांना लाज वाटली. खरे आभार व्याह्यांचे मानायला हवे होते, आणि ते मानायचे म्हणजे सगळं कबूल करणं आलं. अर्धा तास येरझाऱ्या घातल्यावर त्यांनी स्कूटर काढली.

पुलाच्या मध्यावर समोरून व्याह्यांची स्कूटर आली. दोघांनी एकदमच ब्रेक दाबला.

“तुमच्याकडेच निघालो होतो,” मालक म्हणाले. “आज तुम्ही माझी अब्रू राखलीत. सकाळपासून आमचं सगळं तुमच्या लाइनवर चाललंय.”

व्याह्यांचा चेहरा उतरला. “माझ्या? अहो, आमची मुख्य लाइन अकरा-दहालाच गेली. आम्हीच तुमच्या लाइनवर आहोत. तेच सांगायला निघालो होतो.”

दोन्ही स्कूटर वर्कशॉपकडे वळल्या.

ती जेवत होती. भिंतीवर तिने काढलेला नकाशा होता. नदीच्या दोन्ही काठांना जोडणारी एकच रेघ, आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एकच शब्द: ‘राखीव’.

“बाबा,” ती म्हणाली, आणि दोघांनीही “हं” केलं. ती दोघांनाही बाबाच म्हणायची. “तुमच्या मुख्य लाइन एकाच बड्या कंपनीच्या. या पुलाखालून एकाच पाइपातून येतात. तुटल्या की दोघांच्या तुटतात. तरी तुम्ही म्हणालात, बाहेरची नको, व्याह्यांची घे. तेही म्हणाले, व्याह्यांची घे. वर दोघांनीही सांगितलं, कळू देऊ नकोस. मी दोघांचंही ऐकलं.”

“म्हणजे ही केबल...” व्याह्यांनी सुरुवात केली.

“एकच आहे. तुम्ही त्यांच्या भरवशावर, ते तुमच्या.”

“मग आज चाललं कशावर?” मालकांनी विचारलं.

तिने घास संपवला आणि नकाशातल्या रेघेच्या मध्यावर बोट ठेवलं. तिथे एक लहानसा चौकोन होता. तिचं वर्कशॉप. चौकोनातून एक तुटक रेघ वर गेली होती.

“ती टीव्हीची छत्री?”

“टीव्ही नाही. डोंगरावरच्या टॉवरवरून दुसऱ्या कंपनीची लाइन येते. माझ्या नावावर आहे.”

मालकांनी स्टूल ओढून घेतलं. पोरीचं कौतुक वाटत होतं आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. दीड वर्ष ते या छत्रीला हसत आले होते. व्याही नकाशाच्या अगदी जवळ जाऊन उभे होते.

“बरं झालं,” शेवटी मालक म्हणाले, आणि सवयीने त्यांचा आवाज खाली आला. “फक्त केंद्रवाल्यांना कळू देऊ नकोस.”

“त्यांना सकाळीच कळलं. बड्या कंपनीचा निरोप त्यांनाही आला होता. सगळं बंद आहे तर आमचं चाललंय कुणावर, असं त्यांनी मला फोन करून विचारलं.” तिने टेबलावरचं पत्र दोघांच्या पुढे सरकवलं. वर तिचं नाव होतं. “पुढच्या वर्षीपासून मुख्य लाइन माझी. आणि राखीव कुणाची, हा रकाना भरायचा होता. मी तुम्हा दोघांची नावं घातलीत.”