तिच्यासाठी घेतलेला फिल्टर

बोरकुटेंच्या मुलीचं तेरावं उरकल्यावर पाणीखात्याचा दिगंबर त्यांच्या घरी आला. त्याने नळाचं पाणी तपासलं. लिथियम बरोबर होतं.

उन्हाळे पन्नास अंशांवर गेले आणि माणसं जीव द्यायला लागली, तेव्हापासून मन सावरणारं हे खनिज शहराच्या पाण्यात कणभर मिसळत. तरीही कुणी गेलंच, तर त्या घरचं पाणी तपासायचं, असा नियम होता.

"मुलगीही हेच प्यायची?"

"नाही हो भाऊ," आई म्हणाली. "बारावीचं वर्ष, आजारी पडायला नको म्हणून तिच्यापुरता हा फिल्टर घेतला. आम्ही दोघं नळाचं प्यायचो. तिला मात्र त्यातला थेंब दिला नाही."

दिगंबरने ओट्यावरच्या फिल्टरकडे पाहिलं. पाण्यातली सगळी खनिजं काढून टाकणारा होता.

"काही सापडलं का?"

खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. "नाही," म्हणत तो उठला.

"उन्हातून आलात, पाणी तरी घ्या." तिने फिल्टरमधून पेला भरला. "तिची आठवण म्हणून आता आम्हीही हेच पितो."

दिगंबरने पेला हातात घेतला आणि पुन्हा खाली बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "दादांनाही बोलवा."