नखाची खूण

शर्वरीने दुकानातलं रबरी हाड अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिलं. खूण उठली नाही.

"हे नको हो, फार कडक आहे. आमचं पॉमेरियनचं एवढंसं पिल्लू, त्याला दात येताहेत. हिरड्या सुजल्यात बिचाऱ्याच्या."

पुढच्या खेळण्यात शिट्टी होती. ती निघून घशात अडकली तर? तेही नको. दुकानदाराला पार भंडावून सोडल्यावर तिने नखाखाली दबणारी एक जाडसर रिंग पसंत केली, घरी आणून फ्रिजमध्ये गार केली आणि सगळे जेवायला बसल्यावर पिल्लापुढे ठेवली.

पिल्लाने ती नुसती हुंगली आणि सरळ सासऱ्यांच्या खुर्चीखाली धाव घेतली.

"अण्णा, परत भाकरी टाकलीत ना त्याला? अशाने लाडावतंय ते."

अण्णा ओशाळले. "काठ तेवढे टाकतो गं. मधलं मऊ असतं, ते खातो मी." बोलताना त्यांचे ओठ आत वळत होते. नवी कवळी हिरड्यांना लागते म्हणून त्यांनी ती काढून ताटाशेजारी डबीत ठेवली होती. लागते, हे मात्र ते आजवर कुणाला बोलले नव्हते.

शर्वरी वाकली. खुर्चीखाली भाकरीचे काठ तसेच पडले होते. पिल्लाने त्यातला एक दातांत धरला आणि कुंई करून टाकून दिला.

तिने तो उचलला. त्यावर अंगठ्याचं नख जोर लावून दाबलं.

खूण उठली नाही.