नाव नसलेली चिठ्ठी

पेटीतल्या बाकीच्या चिठ्ठ्या नम्रताने बाजूला सारल्या आणि तीच एक पुन्हा वाचली.

'शुक्रवारी शेवटचा पेपर संपला की बंदराजवळच्या खडकांवर जाणार. परत येणार नाही. कुणालाही दोष देऊ नये.'

टाइप केलेली, चार घड्यांची. खाली नाव नव्हतं. नाव कुणीच लिहीत नसे, पेटी त्यासाठीच होती. वेंगुर्ल्याच्या त्या कॉलेजात शर्मिष्ठा मॅडमनी ती दोन वर्षांपूर्वी जिन्याखाली लावून घेतली होती. परीक्षेचं दडपण, घरची भांडणं, उडालेली झोप, जे तोंडाने सांगता येत नाही ते मुलांनी लिहून आत टाकायचं. दर सोमवारी त्यांची विद्यार्थिनी नम्रता पेटी उघडायची आणि चिठ्ठ्या मॅडमना नेऊन द्यायची.

आज ती धावतच प्रयोगशाळेत गेली.

मॅडम काचपट्ट्या पुसत होत्या.

"मॅडम, एक चिठ्ठी आलीय. भयंकर आहे."

मॅडमनी हात पुढे केला. चिठ्ठी घेतली आणि न वाचता तशीच पर्समध्ये ठेवली.

"मी बघते."

"मला वाटतं समर्थ असेल."

मॅडमनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "समर्थ? का गं?"

"दोन विषय राहिलेत त्याचे. कुणाशी बोलत नाही. आणि परवा वर्गात बसून मोबाइलवर भरतीओहोटीच्या वेळा बघत होता."

मॅडमनी हातातली काचपट्टी पुसून खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मी बोलते त्याच्याशी. तू कुणाला काही सांगू नकोस. आणि शुक्रवारी पेपर झाला की दोनच्या गाडीने सरळ आरोंद्याला जा. आईच्या हातचं जेव, झोप काढ."

"तुम्हीसुद्धा दमलेल्या दिसता, मॅडम."

"पेपर संपले की मीही मोकळी," त्या हसून म्हणाल्या आणि पुढची काचपट्टी उचलली.

नम्रताचा अभ्यास झाला नाही. पुस्तक उघडलं की खडक दिसायचे. परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताना ती आधी समर्थचा बाक शोधायची. तो बसलेला दिसला की मगच तिला पेन धरता येई. बुधवारी तिने मॅडमना मेसेज केला, 'बोललात का?' लगेच उत्तर आलं, 'बोलले. तो ठीक आहे. तू अभ्यास कर.'

तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. गुरुवारी तिने समर्थला जिन्यात गाठलं. तो दोडामार्गकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, मुळातच अबोल.

"काय रे, बरो आसस मा?"

"आसंय गो," तो म्हणाला आणि चालू लागला.

शुक्रवारी एक वाजता घंटा झाली. सुपरव्हिजनला शर्मिष्ठा मॅडमच होत्या. नम्रताची उत्तरपत्रिका घेताना त्यांनी क्षणभर तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गाडी चुकवू नकोस."

नम्रता स्टँडवर पोचली. आरोंद्याची गाडी लागली होती. तिने एक पाय पायरीवर ठेवला आणि तिला समोरून समर्थ सायकलवरून जाताना दिसला. बंदराच्या दिशेने. एकटाच.

ती खाली उतरली. हाताला लागली ती रिक्षा पकडली.

बंदरावर उन्हाने कुणी नव्हतं. कडेला सायकल पडलेली होती. पलीकडे खडक होते आणि अगदी टोकाच्या खडकावर समर्थ पाण्याकडे तोंड करून उभा होता. खाली फेस उसळत होता. नम्रताला हाक मारायची होती. पण दचकून त्याचा तोल गेला तर? तिने चपला काढल्या आणि शेवाळ्यावरून जवळजवळ रांगत ती पुढे गेली. हाताला शर्ट लागला तसा तिने तो दोन्ही मुठींत धरून मागे ओढला.

दोघंही खडकावर आपटली.

"येडी काय गो तू!" समर्थ ओरडला. "गरी गेली माझी!"

पाण्यावर मासे धरायची काठी तरंगत होती.

"तू... तू जीव दिवक इलस मा?" नम्रताने अजून त्याचा शर्ट सोडला नव्हता.

"जीव? कोणी सांगल्यान तुका?" तो तिच्याकडे बघतच राहिला. मग कोपराचं रक्त पुसत हळू आवाजात म्हणाला, "विषय ऱ्हवले तेव्हा माका झोप येय नाय होती. जेवण जाय नाय होता. मॅडमनीच सांगितल्यानी, रोज तासभर पाण्याकडे जाऊन बस, हातात कायतरी धर. मामान ही गरी दिल्यान. आता बरा वाटता. खरा सांगतंय."

नम्रताला रडू कोसळलं. चार दिवसांचं सगळं रडू.

"मगे मॅडम तुझ्याकडे बोलले मा?" तिने डोळे पुसत विचारलं.

"कधी?"

"ह्याच आठवड्यात."

"नाय गो. महिनो झालो, मॅडम माझ्याकडे बोलूक नाय."

मग मॅडम बोलल्या तरी कुणाशी? त्यांचा काही गोंधळ झाला असेल, तर ज्याने ती चिठ्ठी लिहिली तो अजून कुठेतरी एकटाच होता. तिने मॅडमना फोन लावला. रिंग वाजत राहिली. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग फोन उचलला गेला.

"बोल, नम्रता."

मॅडमचा आवाज तिला दोनदा ऐकू आला. एकदा फोनमधून आणि एकदा बाजूच्या उंच खडकाच्या पलीकडून.